तीन पाकळ्यांची गाठ

कॉलेजात त्यांना काटकोन म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं. नाव पडलं ते चालण्यावरून. व्हरांड्याचा कोपरा आला की सर वळत नसत. थांबत, जागच्या जागी नव्वद अंशांत फिरत आणि पुन्हा सरळ चालू लागत. असा माणूस गेली पंचवीस वर्षं वाकलेल्या तारांचं गणित करतो, याचं विद्यार्थ्यांना हसू येई. सरांना त्यात काही वावगं वाटत नसे. डॉक्टरला सगळे रोग स्वतःला झालेले असावे लागतात, असं थोडंच आहे?

सरांचा खरा गुण चालण्यात नव्हता, मत्सरात होता. इतरांचा मत्सर कसा, उकळी फुटल्यासारखा येतो आणि उतू जातो. सरांचा मत्सर नीटनेटका होता. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या खिडकीत त्यांच्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त ऊन येतं, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. ग्रंथपाल दुसऱ्या एका प्राध्यापकाला पुस्तकं स्वतः उठून काढून देतो, हेही त्यांच्या लक्षात होतं, तारखांसकट. पण हे सगळे किरकोळ मत्सर. ठोक मत्सर एकच होता आणि तो दर रविवारी दुपारी सासऱ्यांच्या घरी जेवायला यायचा.

ते म्हणजे साडू, धाकट्या मेव्हणीचे यजमान. त्यांचं स्प्रिंगांचं वर्कशॉप होतं. सासऱ्यांच्या घराचं पुढचं दार न आपटता आपोआप लागे, ती साडूंची स्प्रिंग. सासऱ्यांची आरामखुर्ची उठताना त्यांना हलकेच वर ढकले, तीही साडूंचीच. सरांनी त्या घराला आजवर एकच वस्तू दिली होती, आपल्या प्रबंधाची प्रत. ती टेबलाच्या पायाखाली सारली गेली नव्हती, पण त्यात सासऱ्यांचा आदर वगैरे नव्हता. टेबल डगमगतच नव्हतं, कारण साडूंनी ते नीट केलं होतं.

सगळ्यात खुपणारी गोष्ट वेगळीच होती. सासरे सरांना म्हणत, "या, जावईबापू, बसा." आणि साडू दारात दिसले की म्हणत, "आलास? ये, ये. अरे, ते नळाचं बघ जरा." वीस वर्षं सरांनी हा अहो-जाहोचा मान सोसला. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं, आपण थोरले म्हणून हा मान. पाचव्या वर्षी शंका आली. आता खात्री होती की 'अरे' ही पदवी आहे आणि ती आपल्याला मिळालेली नाही.

"तुम्ही नेमकं करता काय हो?" एकदा सासऱ्यांनी विचारलं होतं.

सर सावरून बसले. "असं बघा, लवचिक तार वाकवली की तिच्यात ऊर्जा साठते. जितकी तीव्र वाकण, तितकी जास्त ऊर्जा. सोडून दिली की ती तार असा आकार शोधते, ज्यात ही ऊर्जा कमीत कमी असेल. तो आकार कोणता, हे आम्ही शोधतो."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "पण मग तारेलाच विचारा की."

साडू तेव्हा मोठ्याने हसले नाहीत. खाली बघून हसले. मोठ्याने हसले असते तर सरांनी एखाद्या वेळेस माफ केलं असतं.

तर अशा माणसाला नऊ वर्षांच्या खटपटीनंतर एक निकाल हाती लागला. प्रश्न दिसायला सोपा होता. एक लांब लवचिक तार घ्यायची, तिला साधी गाठ मारायची, आपण दोरीला मारतो तशीच, आणि मग दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची. आता गाठ सुटणार नाही. ही गाठवलेली तार मोकळी सोडली तर कुठल्या आकारात स्थिरावेल? सरांनी संगणकाला तार शिकवली. ती हळूहळू ऊर्जा कमी करत सरके, पण गणितातल्या तारेला एक खोड होती. ती स्वतःतूनच आरपार जाई आणि गाठ सोडवून मोकळी होई. म्हणून सरांनी तिला एक नियम घालून दिला: तारेच्या कुठल्याही दोन भागांनी एकमेकांपासून अमुक अंतर राखायचं. त्यानंतर तार शिस्तीत वागू लागली आणि शेवटी तीन पाकळ्यांच्या फुलाच्या आकारात येऊन थांबली. फूल अतिशय देखणं होतं. सरांनी चाळीस पानांचा निबंध लिहिला, नियतकालिकाने तो स्वीकारला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका मोठ्या परिषदेचं उद्घाटनाचं भाषण करायचं निमंत्रण आलं. पत्रात 'सन्माननीय' हा शब्द दोनदा होता. सरांनी तो मोजला.

भाषणाला महिना उरला असताना घरी सरांच्या पत्नीने, बाईंनी, विचारलं, "नुसती चित्रंच दाखवणार? खरी तार नेली तर लोकांना हातात घेऊन बघता येईल."

"खरी तार कुठून आणू?"

"घरात स्प्रिंगवाला आहे तुमच्या."

"आपल्या घरात नाही. तुझ्या बहिणीच्या घरात आहे."

"बरं बाई, माझ्या बहिणीच्या घरात. विचारायला मी जाते, तुम्ही इथेच सन्माननीय बसा."

पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर साडूंनी पिशवीतून तारेचं छोटं भेंडोळं काढलं. दाभणाहूनही बारीक, निळसर पोलादी तार. दीडेक हात तुकडा तोडून त्यांनी सैलशी गाठ मारली, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढ्या पितळी नळीत घातली आणि म्हणाले, "तार नळीत फिरती ठेवलीय हं साडूभाऊ. पीळ अडकला तर तो आकार बिघडवतो. तुम्हाला फक्त वाकणीचंच हवंय ना?"

सरांना हे ऐकून जरा टोचलं. पिळाचा प्रश्न त्यांच्या निबंधात सातव्या पानावर होता. साडूंनी तो नळीने सोडवला होता.

"हो, फक्त वाकणीचंच. आता बघा, तीन पाकळ्या होतील," सर सगळ्यांना उद्देशून म्हणाले. मेव्हणी पुसता पुसता ताट हातात धरून उभी राहिली. सासऱ्यांनी चष्मा लावला. साडूंनी तार सोडली.

तार उसळली, एकदा थरथरली आणि टेबलावर सपाट पडली. गोल. बांगडीसारखी गोल. फक्त एकेरी नव्हे, दुहेरी: तारेने दोन फेरे घेतले होते, एकावर एक इतके चिकटून की लांबून बांगडी एकच वाटावी. गाठ त्या दोन फेऱ्यांच्या वेढ्यांत कुठेतरी लपली होती.

"फूल कुठाय?" सासरे म्हणाले.

"कळी असेल अजून," मेव्हणी म्हणाली, आणि बाईसुद्धा हसल्या. बाईसुद्धा!

"तार सदोष आहे," सर म्हणाले.

साडूंनी तार उचलली, उजेडात धरली. "असू शकतं. भेंडोळ्यातली आहे, तिला गोल बसायची सवय लागलेली असते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. उद्या वर्कशॉपला या, सरळ तार देतो करून."

आपल्या बाजूचा मुद्दा प्रतिस्पर्ध्याने पुरवावा, यासारखा अपमान नाही. सरांनी तो घेतला, कारण दुसरा मुद्दा त्यांच्याकडे नव्हता.

वर्कशॉपमध्ये सर पूर्वी कधी गेले नव्हते. लांबट खोली, वर पत्रे, एका भिंतीला मापाप्रमाणे टांगलेल्या स्प्रिंगा, नखाएवढीपासून मांडीएवढीपर्यंत. तेलाचा वास. साडूंनी एक तार सरळ करायच्या यंत्रातून काढली, मग छोट्या भट्टीत ठेवून तिचा उरलासुरला ताण घालवला. बाहेर काढून काचेवर लोळवली. ती पेन्सिलीसारखी सरळ लोळली. सरांनी स्वतः डोळा लावून पाहिली. खोट काढायला जागा नव्हती.

गाठ. नळी. सोडली.

बांगडी.

"पुन्हा," सर म्हणाले.

जाड तार झाली, बारीक तार झाली, दुप्पट लांब तार झाली. बांगडी, बांगडी, बांगडी. साडूंनी मग एक गाठ उचलली आणि तीन बोटांनी आतून ताणून तिला तीन पाकळ्या पाडल्या. अगदी हुबेहूब सरांचं चित्र! त्यांच्या बोटांत ते अगदी सहज उमललं. हे फूल संगणकात उमलायला सरांना नऊ वर्षं लागली होती.

"धरून ठेवलं की राहतं," साडू म्हणाले, "पण बघा, बोटांना लागतंय. ढकलतेय मला. हिला इथे राहायचं नाही." त्यांनी बोटं काढली. फूल मिटलं. "एक विचारू का साडूभाऊ? रागावू नका. तुमच्या गणितात तारेने तारेला शिवलेलं चालतं का?"

सरांना क्षणात सगळं दिसलं. अंतर राखायचा नियम. त्यांनीच घातलेला, गाठ सुटू नये म्हणून, तात्पुरता. आणि मग नऊ वर्षांत कधीच न काढलेला. पाकळ्या तारेने केलेल्या नव्हत्याच. एकमेकांना शिवायची बंदी असलेले तारेचे दोन पदर अंग चोरून उभे राहिले होते, त्यालाच ते फूल समजत होते.

"चालतं," सर म्हणाले आणि घरी गेले.

ते खोटं फार काळ टिकणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आपल्या खोलीत बसून सरांनी ते अंतर निम्मं केलं. ऊर्जा उतरली, पाकळ्या मलूल झाल्या. पुन्हा निम्मं. पुन्हा. पाचव्या खेपेला पडद्यावर दोन फेऱ्यांची बांगडी होती. आणि तेव्हा त्यांना एक जुनं प्रमेय आठवलं, जे ते दरवर्षी शिकवत: गाठ असलेली कुठलीही बंद वक्ररेषा एकूण किमान दोन पूर्ण फेऱ्यांएवढी वळतेच, त्याहून कमी वळणात गाठ पडतच नाही. म्हणजे ऊर्जा एका ठरावीक आकड्याखाली जाऊच शकत नाही. आणि तारेची जाडी शून्याकडे नेली की दुहेरी बांगडी बरोबर त्याच आकड्याला जाऊन टेकते. सिद्धता संपली. दोन ओळी.

सरांनी त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहिलं. चाळीस पानं चुकीची निघाली याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख, या दोन ओळी सुंदर होत्या. आणि त्या आपल्याला सुचल्या नव्हत्या, एका माणसाने बांगडी करून टेबलावर टाकल्यामुळे दिसल्या होत्या.

निबंध मागे घेतल्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिलं. यात थोरपणा नव्हता. चूक माहीत असून छापणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, जसं कोपऱ्यावर तिरकं चालणं जमण्यासारखं नव्हतं. प्रश्न नव्या, दोन पानी टिपणाचा होता. त्याच्यावर नाव कोणाचं?

एकट्याचं घातलं तर कोणी विचारणार नव्हतं. साडूही काही बोलले नसते. तेच तर! साडू काही बोलले नसते. रविवारी जेवताना म्हणाले असते, "छान झालं हो साडूभाऊ," आणि खाली बघून मनापासून हसले असते. या माणसाने आपल्याला माफ केलेलं सरांना पाहवणार नव्हतं. त्यापेक्षा नाव दिलेलं परवडलं. अशा रीतीने निव्वळ मत्सरापोटी सरांनी प्रामाणिक व्हायचं ठरवलं.

ते वर्कशॉपला गेले. साडू कानशीने एका स्प्रिंगचं टोक घासत होते.

"तुमचंच बरोबर होतं. मी निबंध मागे घेतला."

कानस थांबली. "अरेरे. आणि भाषण?"

"भाषण बांगडीवर करीन. तुमचं नाव लेखक म्हणून घालतो आहे."

"माझं? छे, छे. माझं काय त्यात?"

"तुम्ही दाखवलंत."

"अहो, ते तारेने दाखवलं. तिचं नाव घाला."

"साडू, मी तुम्हाला नाव देतोय," सरांचा आवाज चढला, "घ्या ना!"

"नको म्हटलं की. आम्ही स्प्रिंगवर नाव टाकत नाही. तुटली तर लोक घरी येतात."

"ही तुटणार नाही!"

"तुमची आधीचीही तुटणार नव्हती," साडू म्हणाले आणि लगेच वरमले. "माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं."

ज्या श्रेयासाठी माणसं एकमेकांशी आयुष्यभर बोलत नाहीत, ते घ्या म्हणून सर एका तेलकट बाकापाशी उभं राहून विनवण्या करत होते. शेवटी साडूंनी हात पुसले. "असं करू. का होतं ते मला समजावून सांगा. गोल बसते हे मी तीस वर्षं बघतोय. पण का, ते कधी कळलं नाही. विचारायला तुमच्याकडे कितीदा यावंसं वाटलं, पण तुम्ही आपले एवढे शिकलेले. खरं सांगू? तुम्ही सासऱ्यांना समजावत होतात ना त्या दिवशी, तेव्हा मला जळायला झालं होतं. समजलं तर नाव घाला. न समजलेल्या कागदावर मी सही करत नाही."

हे ऐकून सरांना आतून ऊब आली, हे कबूल करायला हवं. वीस वर्षांत असं मधुर वाक्य त्यांच्या कानांवर पडलं नव्हतं. आणि त्या उबेत त्यांना दुसरी गोष्टही कळली: सुटका आपल्या हातात आहे. समजलं तर नाव. न समजेल असं समजावून सांगणं ही कला सरांना साध्य होती. कॉलेजात ते रोज चार तास तेच करत. नाव देऊ केल्याचं पुण्यही पदरात पडेल आणि नावही एकट्याचं राहील.

त्यांनी पॉलिश पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली. "एक बंद, त्रिमितीय, दोनदा विकलनीय वक्र घ्या. त्याच्या वक्रतेच्या वर्गाचं संकलन..." साडू कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा पडत गेला. तो पडलेला चेहरा सरांनी पाहिला. शेवटच्या बाकावरच्या मुलांचा असतो तसा.

तो बघायची सरांना सवय होती. पण आज मध्ये ती सिद्धता होती. दोन ओळींची, निर्दोष, आणि आपण तिच्यावर गबाळं पांघरूण घालतोय. हे त्यांना साडूंपेक्षाही सहन होईना. त्यांनी कागद उलटा केला, मग बाकावरची एक गाठवलेली तार उचलली.

"हे सोडा. इकडे बघा. ही गाठ कशीही धरा, तिला वरच्या बाजूला शिखरं किती दिसतात?"

साडूंनी फिरवून फिरवून पाहिलं. "दोन. इकडून तीन. पण दोन तरी आहेतच."

"एकच असतं तर?"

"एकच असतं तर... एका बाजूने वर गेली, दुसऱ्या बाजूने खाली आली. मग या दोन बाजूंच्या मध्ये आडव्या पायऱ्या टाकता येतील, शिडीसारख्या. शिडी कितीही पिळा..." साडू थांबले. "शिडीच्या कडेला गाठ नसते. उलटा पीळ दिला की सरळ."

सरांना पंचवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने शिडी आपणहून दिली नव्हती.

"बरोबर. म्हणून गाठ म्हटली की कुठूनही बघा, निदान दोनदा वर, दोनदा खाली. एकदा वर जाऊन खाली येणं म्हणजे एक फेरा, म्हणजे एकूण वळण दोन फेऱ्यांहून कमी नाही. आता हे वळण तारेत कसं वाटाल, की जोर कमीत कमी पडेल?"

"हे मला काय विचारता?" साडूंचे डोळे चमकले. "सगळीकडे सारखं! एका जागी जास्त वाकवली तर तिथेच ताण येतो, तिथेच तुटते. सारखं वाटलं की गोल. दोन फेरे, सारखे वाटले की..." त्यांनी बाकावरच्या बांगडीकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं," सर म्हणाले.

साडूंनी पॉलिश पेपरवर सही केली. खाली तेलाचा अंगठाही उमटला, तो चुकून.

सर खोलीवर परतले आणि टिपण टंकायला बसले. आजवरचे अकराही निबंध त्यांचे एकट्याचे होते, त्यामुळे एका गोष्टीचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कोणी किती काम केलं यावरून भांडणं नकोत, म्हणून गणितात लेखकांची नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने छापतात. ही रीत सरांना नेहमी फार न्याय्य वाटत आली होती. त्यांनी दोन्ही नावं टंकली, पाहिली, आणि साडूंचं वर घेतलं.

पुढे टिपण छापून आलं आणि छापील प्रत साडूंनी एका रविवारी टेबलावर उलगडली. दोनदा वाचली. मग सरांच्या जवळ सरकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "साडूभाऊ, माझं नाव आधी कसं?"

"अक्षरक्रम आहे तो."

"बदलता येत नाही?"

"नाही."

"मला बरं नाही वाटत हो. तुमची एवढी वर्षं..." त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो लगेच काढलाही नाही. "मी पत्र लिहू का त्यांना?"

"काही गरज नाही," सर म्हणाले. "मला काहीच वाटत नाही त्याचं."

आणि त्यांनी ती प्रत साडूंच्या हातून घेऊन सासऱ्यांपुढे ठेवली, दोघांची नावं असलेलं पहिलं पान वर करून, म्हणजे त्यांना वाचायला सोपं जावं.